खेळाडू नेला, मोल कुणाला?

फेब्रुवारी २०२० मध्ये एफसी गोवा हा इंडियन सुपर लीगमधला सर्वांत देखणा खेळ करणारा संघ होता. १८ सामन्यांत ४६ गोल, ३९ गुण, गुणतक्त्यात पहिला क्रमांक आणि त्यासाठी त्या वर्षी पहिल्यांदाच दिली गेलेली लीग शील्ड त्याच्या नावावर होती. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही त्यामुळेच गोव्याला मिळाला. ते वर्ष सरायच्या आत या संघाचा कणा मुंबईला गेला होता. मधल्या फळीतून खेळाची लय ठरवणारा मोरोक्कोचा अहमद जाहूह, सेनेगलचा उंचापुरा बचावपटू मुर्तदा फॉल, पहिल्या हंगामापासून गोव्याकडून खेळलेला आणि कप्तानपद भूषवलेला घरचा मंदार राव देसाई आणि त्या हंगामात स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला ह्यूगो बूमूस, असे चौघेही मुंबई सिटी एफसीत दाखल झाले. हा संघ ज्याने घडवला होता आणि जो जानेवारीअखेरीस गोव्यापासून वेगळा झाला होता, तो स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेराही ऑक्टोबरमध्ये मुंबईचाच झाला.

मुंबई सिटी हा तोवर साधारण कामगिरीचा क्लब. २०१४ मध्ये लीगबरोबरच तो जन्माला आला आणि अभिनेता रणबीर कपूर त्याचा एक मालक. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने त्यातला ६५ टक्के हिस्सा घेतला आणि चित्र पालटले. इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीची मालकी याच समूहाकडे आहे, त्याच्या पाठीशी अबुधाबीच्या राजघराण्यातला पैसा आहे आणि मुंबईचा व्यवहार जाहीर झाला त्याच आठवड्यात एका अमेरिकी गुंतवणूकदाराने या समूहाचे मोल ४.८ अब्ज डॉलर धरून त्यात भाग घेतला होता. पुढच्या हंगामात काय झाले ते आकडेच सांगतात. कोरोनामुळे सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाले. मुंबईने लीग शील्ड जिंकली आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला अंतिम सामन्यात कोलकात्याच्या एटीके मोहन बागानला २-१ असे हरवून करंडकही नेला. त्याआधी उपांत्य फेरीत तिची गाठ पडली ती एफसी गोवाशीच. पहिला सामना २-२ असा सुटला आणि मुंबईचे ते दोन गोल बूमूस आणि फॉल यांनी केले. दुसरा सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टीवर मुंबई ६-५ ने पुढे गेली. गोव्याच्या चाहत्याला याहून जिव्हारी लागणारे काही असू शकत नाही. आपल्याच भूमीवर, आपण वाढवलेल्या संघानेच आपल्याला बाहेर काढले होते.

हे यश खेळाचे नव्हे, पैशाचे, अशी तक्रार तेव्हा झाली आणि श्रीमंत क्लबने प्रतिस्पर्ध्याचा मोहरा उचलला की जगात सगळीकडे ती होतेच. तिच्यातली वेदना खरी आहे. पण तक्रारीचा रोख मात्र चुकीच्या जागी आहे, असे मला वाटते. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू आपल्याकडे ओढण्यात अन्याय नाही. त्याचे मोल न चुकवता, किंवा अगदी थोडक्यात चुकवून, त्याला नेता येते तिथे अन्याय सुरू होतो. बदलीची रक्कम, म्हणजे ज्याला फुटबॉलमध्ये ट्रान्स्फर फी म्हणतात, ती खेळाला लागलेला कलंक आहे अशी आपल्याकडे एक समजूत आहे. उलट श्रीमंताच्या तिजोरीतून खालच्या पायरीवर पैसा पोचवणारी सर्वांत चालती वाट तीच आहे. भारतीय फुटबॉलचे दुखणे हे, की श्रीमंत क्लब खेळाडू नेतात खूप आणि त्यासाठी रक्कम मोजतात फार क्वचित.

हे समजण्यासाठी करार म्हणजे नेमके काय ते पाहायला हवे. खेळाडू क्लबशी ठरावीक मुदतीसाठी बांधलेला असतो. मुदत चालू असताना दुसऱ्या क्लबला तो हवा असेल, तर फिफाच्या नियमाप्रमाणे आधी त्याच्या सध्याच्या क्लबला लेखी कळवावे लागते आणि मगच खेळाडूशी बोलता येते. चोरून संधान बांधणे हा नियमभंग आहे. मात्र कराराचे शेवटचे सहा महिने उरले, की खेळाडू कुणाशीही पुढचा करार करायला मोकळा होतो. मुदत संपल्यावर तो जाईल तिथे जातो आणि जुन्या क्लबच्या हाती काही पडत नाही. नेहमी असे नव्हते. युरोपात पूर्वी करार संपल्यावरही खेळाडूवर जुन्या क्लबचा हक्क राहायचा. आपल्या उमरखेड तालुक्यातल्या जुन्या ऊस उत्पादकांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. झोनबंदी होती तेव्हा ऊस शेतकऱ्याचा, घामही त्याचाच, पण तो घालायचा आपल्या क्षेत्रातल्या कारखान्यालाच. शेजारचा कारखाना चार पैसे जास्त द्यायला तयार असला तरी उपयोग नव्हता. बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमान हा असाच अडकलेला खेळाडू. लिएज क्लबबरोबरचा त्याचा करार संपला होता, फ्रान्सच्या डंकर्क क्लबला तो हवा होता, पण मोबदल्याच्या वादात लिएजने त्याला जाऊ दिले नाही. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेल्या खेळाडूला अडवून ठेवता येणार नाही. हा निकाल न्याय्यच होता. खेळाडू ही मालमत्ता नव्हे.

पण या निकालाने क्लबांना एक धडा दिला आणि युरोपातल्या शहाण्या क्लबांनी तो लगेच घेतला. करार लांब ठेवा, तो संपायच्या दोन वर्षे आधी नवा करा आणि खेळाडू जाणारच असेल तर मुदत शिल्लक असतानाच त्याचे मोल घ्या. या मोलाला लेखी रूप देणारे कलम म्हणजे रिलीज क्लॉज. अमुक रक्कम कुणी भरली तर आम्ही खेळाडूला अडवणार नाही, असे क्लब आधीच लिहून देतो. बूमूसच्या गोव्याबरोबरच्या करारात असे कलम होते. त्या वेळच्या बातम्यांप्रमाणे ती रक्कम सुमारे दीड-पावणेदोन कोटी रुपयांची होती आणि मुंबईने ती भरून त्याला नेले. भारतात एका क्लबने दुसऱ्याला इतकी मोठी रक्कम मोजल्याची उदाहरणे तोवर जवळपास नव्हतीच. आता याच दोन क्लबांमधला पुढचा व्यवहार पाहा. त्याच वर्षी गोव्याने स्पॅनिश आघाडीवीर इगोर अँगुलोला एका वर्षाच्या करारावर आणले. त्याने त्या एका हंगामात १४ गोल केले आणि गोल्डन बूट मिळवला. वर्ष संपले, करार संपला आणि २०२१ मध्ये तोही मुंबई सिटीत गेला. यात गोव्याला बदलीची रक्कम मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दोन्ही वेळा नेणारा श्रीमंत क्लब तोच, खेळाडू दोन्ही वेळा पहिल्या प्रतीचा. फरक फक्त करारात काय लिहिले होते याचा. पुढे २०२४ मध्ये गोव्याचा कप्तान ब्रँडन फर्नांडिस करार संपल्यावर त्याच वाटेने मुंबईला गेला.

म्हणून गोव्याच्या चाहत्याने विचारायचा खरा प्रश्न मुंबईला नाही, आपल्याच क्लबला आहे: करार किती वर्षांचा होता, आणि कलमात किती रक्कम लिहिली होती? भारतात एक-दोन वर्षांचे करार सर्रास होतात. त्याला कारण आहे. क्लबांनाच आपण पुढच्या हंगामात कुठे असू याची खात्री नसते. परदेशी खेळाडू तिशी ओलांडून येतात आणि त्यांच्याशी लांब करार करण्यात धोका असतो. पण या अनिश्चिततेची किंमत शेवटी विकणारा क्लब मोजतो. छोट्या कराराने पगाराचा धोका वाचतो आणि मोलाचा हक्क जातो. गोव्याने बूमूसच्या बाबतीत जी दूरदृष्टी दाखवली, ती अपवाद ठरली.

केवळ रक्कम मिळाली म्हणजे सगळे भरून निघाले असेही नाही आणि याचे पुरावे युरोपात ठळक आहेत. जुलै २००० मध्ये फ्लोरेन्तिनो पेरेस यांनी रेआल माद्रिदच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवताना, निवडून आलो तर बार्सेलोनाचा लुईश फिगो आणून दाखवीन, असे मतदारांना सांगितले. ते निवडून आले, फिगोच्या करारातली दहा अब्ज पेसेता, म्हणजे सुमारे सहा कोटी युरोंची रक्कम भरली आणि बार्सेलोनाला हात बांधून पाहत बसावे लागले. २००२ मध्ये फिगो माद्रिदकडून बार्सेलोनाच्या मैदानावर खेळायला आला तेव्हा प्रेक्षकांतून त्याच्या दिशेने डुकराचे मुंडके भिरकावले गेले, इतका तो राग होता. पण बार्सेलोनाचे खरे नुकसान फिगो गेल्यानंतर झाले. हाती आलेला पैसा क्लबने घाईघाईने खर्चून टाकला आणि पुढचे लीग विजेतेपद थेट २००५ मध्ये आले. २०१७ मध्ये हेच पुन्हा घडले. कतारच्या पैशावर उभ्या असलेल्या पॅरिस सां-जर्मांने नेमारच्या कलमातले २२.२ कोटी युरो भरले, तो आजवरचा उच्चांक आहे, आणि बार्सेलोनाने त्यातून महागडी पण फसलेली खरेदी केली. त्या खरेदीतला एक खेळाडू होता लिव्हरपूलचा फिलिपे कुटिन्यो. जानेवारी २०१८ मध्ये तो गेला तेव्हा लिव्हरपूलचे चाहते हळहळले. पण लिव्हरपूलने त्याच सुमारास बचावासाठी व्हर्जिल व्हॅन डाइक आणि काही महिन्यांनी गोलरक्षक अ‍ॅलिसन यांच्यावर पैसा लावला. मे २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत लिव्हरपूलने बार्सेलोनाला घरच्या मैदानावर ४-० ने धूळ चारली, तेव्हा कुटिन्यो समोरच्या संघात होता. लिव्हरपूल त्या वर्षी युरोपचा आणि पुढच्या वर्षी इंग्लंडचा विजेता झाला. म्हणजे गेलेला मोहरा नव्हे, तर आलेला पैसा कुठे लावला हे पुढची पाच वर्षे ठरवते.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. विकणारा क्लब कितीही शहाणा असला तरी तो कायम रोपवाटिकाच राहील. तो झाड वाढवणार, फळ दुसरा नेणार. गोव्याच्या बाबतीत हा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. लोबेरानंतर आलेल्या हुआन फेरांदोने संघ पुन्हा बांधला. एप्रिल २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये गोव्याने कतारच्या अल रय्यान आणि अमिरातीच्या अल वहदा यांना बरोबरीत रोखले, त्याच वर्षी ड्युरँड कपही जिंकला. आणि डिसेंबर २०२१ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, एटीके मोहन बागानने फेरांदोच्या करारातली रक्कम भरून त्यालाच नेले. गोवा त्या हंगामात नवव्या स्थानी घसरला. खेळाडूपेक्षा प्रशिक्षक जाण्याचा घाव खोल असतो आणि हंगाम सुरू असताना तो नेता येऊ नये, एवढा नियम तरी लीगने करायला हवा होता. इथे माझी सहानुभूती पूर्णपणे गोव्याकडे आहे.

पण याच काळात श्रीमंत मुंबईचे काय झाले तेही पाहावे लागेल. दुहेरी विजेतेपदानंतर काही महिन्यांतच बूमूस आणि कप्तान-गोलरक्षक अमरिंदर सिंग हे दोघेही एटीके मोहन बागानकडे गेले. २०२१-२२ मध्ये मुंबई पाचव्या स्थानी राहिली, बाद फेरीत तिला जागाही मिळाली नाही. मुंबईने नॉर्थईस्ट युनायटेडकडून आणलेला मिझोरमचा गुणी अपुइया २०२४ मध्ये कोलकात्याला गेला. ज्याने गोव्याची फळी रिकामी केली त्याची फळी दुसऱ्याने रिकामी केली. श्रीमंत क्लबाच्या वर आणखी श्रीमंत किंवा आणखी मोठ्या चाहतावर्गाचा क्लब असतोच. आणि गोवा संपला नाही. मे २०२५ मध्ये त्याने जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप जिंकला. रोपवाटिकेला फळाचे मोल मिळत राहिले तर ती जगते. ते मिळाले नाही तरच ती उजाड होते.

दुसरा आक्षेप चढाओढीचा. पैसेवाल्याला मोकळे सोडले तर लीगमध्ये चुरस राहणार नाही. हे रोखायला इंडियन सुपर लीगने संघाच्या एकूण पगारावर मर्यादा ठेवली होती. हा उपाय योग्य आहे. पण भारतीय फुटबॉलच्या इतिहासाकडे पाहिले तर श्रीमंत क्लब फार बलवान होतो यापेक्षा तो अचानक निघून जातो, ही भीती मोठी ठरली आहे. १९८०-९०च्या दशकांपासून गोव्यात धेंपो आणि साळगावकर हे खाण उद्योजकांचे क्लब देशभर गाजले. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि २०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणावर नाराज होऊन दोन्ही क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. धेंपोकडून २०११-१२च्या हंगामात ३२ गोल करणारा रँटी मार्टिन्स मोठ्या पगारावर कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडमध्ये गेला आणि वर्षभरात प्रायोजकाने पाठ फिरवली. आणि ज्या समूहामुळे मुंबईचे चित्र पालटले होते, त्या सिटी फुटबॉल ग्रुपने लीगच्या भवितव्याची अनिश्चितता पाहून डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई सिटीतला आपला हिस्सा जुन्या मालकांना परत देऊन टाकला. सहा वर्षे आणि बाहेर.

या यादीचा अर्थ मला असा दिसतो. मालकाचा पैसा पगारात गेला तर मालकाबरोबर तो संपतो. तो बदलीच्या रकमेच्या रूपाने दुसऱ्या क्लबकडे गेला तर मालक निघून गेल्यावरही तो तिथे मैदान, प्रशिक्षक, मुलांची तुकडी अशा रूपात उरतो. बूमूससाठी मोजलेले रुपये सिटी समूह गेल्यावरही गोव्याचेच राहिले. म्हणून चुरशीची काळजी असणाऱ्यांनी पगाराच्या मर्यादेइतकाच आग्रह दीर्घ करारांचा आणि बदलीच्या रकमेचा धरावा.

निष्ठेचा प्रश्न मी टाळत नाही. गोव्याच्या मातीतला मंदार राव देसाई सहा हंगामांनंतर मुंबईला गेला तेव्हा ज्यांना वाईट वाटले त्यांचे वाटणे बरोबरच होते. पण मंदार तेव्हा २८ वर्षांचा होता. फुटबॉलपटूच्या कमाईची वर्षे दहा-बारा, आणि त्यातली चांगली पाच-सहा. गुडघ्याची एक दुखापत ती संपवू शकते. कंपनी बदलणाऱ्या इंजिनिअरला आपण गद्दार म्हणत नाही. निष्ठेची अपेक्षा करायची असेल तर ती दोन्हीकडून असली पाहिजे आणि क्लब तर खेळाडूला नको तेव्हा क्षणात मोकळा करतात. शिवाय खेळाडूची मर्जी हीच श्रीमंतावरचा सर्वांत मोठा लगाम आहे. जानेवारी २००९ मध्ये याच अबुधाबीच्या पैशावर नव्यानेच श्रीमंत झालेल्या मँचेस्टर सिटीने मिलानच्या काकासाठी दहा कोटी पौंडांच्या आसपासचा प्रस्ताव ठेवला. मिलान क्लब विकायला तयार दिसत होता, चाहते रस्त्यावर उतरले आणि काकाने नकार दिला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तो रेआल माद्रिदला गेला, त्याहून बऱ्याच कमी रकमेला, पण स्वतःच्या पसंतीने. पैसा दार ठोठावू शकतो, ते आतून उघडायचे की नाही हे खेळाडूच ठरवतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या माणसाकडे यावे लागेल, ज्याचा या सगळ्या व्यवहारात कुणी उल्लेखही करत नाही. खेळाडूला बाराव्या वर्षी चेंडू देणारा तो कोण? फिफाचा नियम त्याला विसरलेला नाही. करार संपण्याआधी खेळाडू रक्कम देऊन दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटावे लागतात. हा सॉलिडॅरिटीचा हिस्सा. त्यात १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी मूळ रकमेचा पाव टक्का आणि १६ ते २३ मधल्या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का असा हिशेब आहे. नेमारच्या २२.२ कोटी युरोंपैकी एक कोटी अकरा लाख युरो या वाटपाच्या खात्यातले होते आणि त्यात मोठा वाटा बनतो तो त्याला लहानपणापासून वाढवणाऱ्या ब्राझीलच्या सांतोसचा. हेच गणित आपल्या मापात घालून पाहू. २०२१ मध्ये गोव्याचा लिस्टन कोलासो हैदराबादकडून एटीके मोहन बागानकडे गेला तेव्हा ती रक्कम एक कोटीच्या घरात असल्याचे छापून आले होते. अशा एक कोटीच्या व्यवहारात, मुलाला १२ ते १५ अशी चार वर्षे शिकवणाऱ्या गावच्या मंडळाचा वाटा होतो एक लाख रुपये. शहरी क्लबला ही रक्कम किरकोळ वाटेल. तालुक्याच्या ठिकाणी एवढ्यात पन्नास मुलांचे बूट, चेंडू आणि हंगामभराचा प्रवासखर्च सहज निघतो.

अडचण दोन ठिकाणी आहे. फिफाचा हा नियम मुळात देशाबाहेरच्या बदलीसाठी आहे. भारतात वाढलेला खेळाडू भारतातल्याच एका क्लबकडून दुसऱ्याकडे गेला, तर खालच्या क्लबांचे काय करायचे हे देशाच्या महासंघाच्या नियमांवर आणि अंमलबजावणीवर सोडलेले आहे. आणि दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. करार संपल्यावर खेळाडू फुकट गेला, तर वाटायला काही उरतच नाही. शून्याचे पाच टक्के शून्यच. म्हणूनच श्रीमंत क्लबने रक्कम मोजण्यात सर्वांत मोठे हित त्या अनाम मंडळाचे आहे, विकणाऱ्या क्लबाच्या मालकाचे नंतर. महाराष्ट्रातली मुले कशी वर येतात ते पाहा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे लीगमध्ये एकाहून अधिक क्लबांकडे गेला. कोल्हापुरात तालमी-तालमींनी शंभर वर्षे फुटबॉल जपला, पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाच्या सामन्याला शाहू स्टेडियम ओसंडते, आणि तिथला खेळाडू वर गेला की त्या तालमींना उरतो तो फक्त अभिमान. कबड्डीत तर ही वाट मुळीच नाही. चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१९च्या प्रो कबड्डी लिलावात तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना घेतले. आदल्या हंगामात यू मुंबाकडे तो ३६ लाख ४० हजारांत होता. ही सगळी रक्कम खेळाडूची, आणि ती त्याला मिळालीच पाहिजे. पण लिलावाच्या या रचनेत घडवणाऱ्या मंडळासाठी एक रुपयाचीही जागा ठेवलेली नाही.

यावर क्लबांकडून एक हरकत घेतली जाते. खालच्या मंडळांना पैसे द्यावे लागले तर गरीब घरच्या मुलाला संधी देताना क्लब कचरतील. घडवणाऱ्या क्लबला मिळणाऱ्या प्रशिक्षणाच्या भरपाईच्या बाबतीत ही हरकत काही अंशी खरी आहे, कारण ती भरपाई पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी मागितली जाते आणि तेव्हा मुलाचे नाव झालेले नसते. तिथे रक्कम माफक आणि ठरलेली असावी, मागणाऱ्याच्या मनावर सोडलेली नसावी. सॉलिडॅरिटीच्या हिश्श्याला मात्र ही हरकत लागू होत नाही. तो मोजल्या जाणाऱ्या रकमेतूनच कापला जातो, वरून चढवला जात नाही. ज्या क्लबला खेळाडूसाठी एक कोटी मोजणे परवडते, त्याच्या व्यवहारातले पाच लाख खाली गेल्याने कुणाची संधी बुडत नाही. महासंघाने हा नियम देशातल्या प्रत्येक सशुल्क बदलीला सक्तीने लावावा, आणि प्रो कबड्डीच्या आयोजकांनी लिलावाच्या बोलीवर असाच लहानसा हिस्सा ठेवावा. ही मागणी महाराष्ट्रातल्या जिल्हा संघटनांनी लावून धरली पाहिजे, कारण खेळाडू पुरवणारे आपण आहोत.

मात्र हक्क नियमात असला तरी तो सिद्ध करायला कागद लागतो. प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूचा एक क्रीडा-पासपोर्ट तयार होतो, त्यात बाराव्या वर्षापासून तो कोणत्या क्लबकडे किती काळ होता ते लिहिलेले असते, आणि पैशाचे वाटप फक्त त्याच नोंदीवरून होते. २०२२ पासून फिफाचे क्लिअरिंग हाउस हे वाटप इलेक्ट्रॉनिक नोंदी पाहूनच करते. नोंद नसेल तर दहा वर्षे घाम गाळलेला प्रशिक्षकही त्या हिशेबात नसतो. उमरखेड, पुसद, महागाव, हदगाव या पट्ट्यात शाळेच्या मैदानांवर मुलांना फुटबॉल शिकवणारे क्रीडाशिक्षक आणि मंडळे असतील, तर त्यांनी तीन गोष्टी या वर्षीच कराव्यात. मंडळाची संस्था म्हणून नोंदणी करून जिल्हा फुटबॉल संघटनेमार्फत राज्याच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी संलग्नता घ्यावी. बारा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाची, जन्मदाखला आणि पालकांची संमती जोडून, महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत दर हंगामाला नोंद करावी. आणि मूल मोठ्या अकादमीत गेले की आपल्याकडच्या वर्षांची नोंद त्याच्या पासपोर्टमध्ये आली आहे की नाही हे तपासून घ्यावे. मुंबईचा किंवा कोलकात्याचा एखादा श्रीमंत क्लब पुढे त्या मुलासाठी रक्कम मोजेल, तेव्हा वाटपाच्या यादीत उमरखेडचे नाव असायचे तर ते आजच लिहावे लागेल.